स्टॅम्प पेपर पाहिला, परवाना विचारलाच नाही

बाबांच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले आणि ओळखीतल्या एकाने दोन तासांत 60,000 उभे केले. महिना 5 टक्के. पहिलं व्याज आधीच कापून हातात 57,000 दिले.

कागद स्टॅम्प पेपरवर होता. नोटरीचा शिक्का पाहून मला वाटलं, हे कायद्याने पक्कं झालं. त्यावर व्याजाचा उल्लेखच नव्हता. 'रु. 60,000 हातउसने मिळाले', एवढंच. सावकारी झाकायची ही रीत आहे हे नंतर कळलं. शिवाय दोन कोरे चेक घेतले, त्यांवर फक्त माझी सही.

14 महिने दर 5 तारखेला 3,000 दिले. पावती मागितली तर म्हणाला, "ताई, आपण काय परके आहोत का?" मग एक दिवस सांगितलं, मुद्दल अख्खं बाकी आहे, ते द्या, नाहीतर चेक टाकतो आणि ॲग्रीमेंट कोर्टात नेतो. त्या एका वाक्याने आमच्या घरात कुणाला धड झोप लागली नाही.

वकीलबाईंनी कागद वाचण्याआधीच विचारलं, "परवाना आहे का त्याचा?" नव्हता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे विनापरवाना सावकाराच्या बाजूने कोर्ट वसुलीचा हुकूमनामा देत नाही, मग कागद नोटरी केलेला असो वा नसो. उलट विनापरवाना सावकारीला 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. म्हणजे माझ्या कर्जावर महिन्याला 900. मी 3,000 मोजत होते.

पण चेकचं प्रकरण वेगळं. चेक वटला नाही तर चेकसंबंधीच्या कायद्याच्या (परक्राम्य संलेख अधिनियम) कलम 138 ची नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला 15 दिवसांची मुदत असते. ती नोटीस घेतली नाही किंवा उत्तर दिलं नाही, तर आपलीच बाजू पडते. कोरा चेक कुणालाही देऊ नका, अगदी सख्ख्या नात्यातही.

तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्यात केली. तिथे पहिला प्रश्न आला, पुरावा काय? सुरुवातीचे नऊ हप्ते रोख दिलेले, त्याचं काहीच नाही. पुढचे पाच त्याच्या बायकोच्या नंबरवर फोनवरून पाठवले होते. तेवढ्या पाच नोंदी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पिवळ्या पेनाने रंगवून जोडल्यात. चौकशी सुरू आहे. चेक अजून त्याच्याकडेच आहेत.