बेरिंग बदलल्याचं बिल घेतलं आणि नुसता नट आवळून दिला

आमच्याकडे जुनी टाटा सुमो आहे, शेतावर जायला वापरतो. पुढून घूं घूं आवाज यायला लागला म्हणून नाशिकला मुंबई नाक्याकडच्या एका गॅरेजला दाखवली (नाव टाकत नाही, उगाच लफडं नको). मिस्त्रीने जॅक लावला, चाक वरून खालून धरून हलवलं तर खडखड, लगेच म्हणला काका दोन्ही साईडचे बेरिंग गेलेत, चाक कधीही जाम होईल, घाटात नेऊ नका. आणि आम्हाला घरच्यांना घेऊन वणीला जायचं होतं, मग कोण नाही म्हणणार. बिल 7400, त्यात बेरिंग, ऑइल सील, ग्रीस, मजुरी सगळं आलं.

नांदुरीला चहाला थांबलो, घाट अजून लागायचा होता, ब्रेक फारसा मारलेलाच नाही, तरी डाव्या चाकाच्या मधल्या टोपीला हात लावता येईना इतकी तापलेली, उजवी नुसती कोमट. गाडी तिथेच ठेवून वडापने गडावर गेलो आणि येताना हळूहळू आणली.

शेजारचे आबा एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेत, त्यांच्यासोबत घरीच खोललं. आत नट फिरू नये म्हणून घालतात ती पिन जुनीच, गंजलेली, एक पाय तुटलेला. ग्रीस काळं कडक. नवीन बेरिंगचा पत्ताच नाही! मग गॅरेजवाल्याने "तुमचे जुने" म्हणून पिशवीत दिलेले, तापून निळे पडलेले बेरिंग काढले, तर ते आमच्या स्पिंडलवर (चाक ज्या दांड्यावर फिरतं तो) चढेचनात, भोक लहान. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचे.

आबांनी सांगितलं की या गाड्यांना पुढे टेपर बेरिंग (निमुळत्या रोलरचं) असतं, त्यातला प्ले म्हणजे ढिलेपणा नटावर ठरतो, नट आवळला की खडखड गायब आणि गिऱ्हाईक खूष. पण जास्त आवळला तर रोलर दाबले जातात, गरम झाल्यावर फुगायला जागा राहत नाही, ग्रीस वितळून बाहेर येतं आणि बेरिंग जळतं. म्हणजे ज्याची भीती घालून पैसे घेतले तेच करून दिलं ना राव! बरोबर पद्धत म्हणजे चाक फिरवत फिरवत नट आवळायचा म्हणजे रोलर नीट बसतात, मग सैल करायचा, मग अगदी हलका टेकवायचा, आणि पिनचं भोक जुळत नसेल तर थोडा सैल करून जुळवायचं, आवळून नाही. नक्की माप आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. छोट्या नवीन गाड्यांना पुढे सीलबंद बेरिंग असतं, तिथे असं ॲडजस्ट करायला काही नसतंच, त्यामुळे कोणी "टाईट करून देतो" म्हणला तर गाडी उचला तिथून.

अजून एक, चाक हलवताना कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खडखड थांबली तर बेरिंगचा प्ले, तरीही राहिली तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा फिरता सांधा) वगैरे बघा. आणि बेरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो बिलावर लिहून घ्या, कोनसोबत (रोलरवाली आतली रिंग) बाहेरचा कपपण (रोलर ज्यात फिरतात ती रिंग) नवीन टाकला का ते विचारा.

आमचं उजवं चांगलंच होतं, धुवून ग्रीस भरून ॲडजस्ट केलं, डावं निळं पडलेलं ते कपासकट नवीन आणलं. आवाज तरी येतच होता, तो निघाला टायरचा, दातेरी झिजलेला.

गॅरेजवाल्याला जाऊन धरलं तर म्हणे पोराने केलं असेल. पक्कं बिल दिलेलंच नव्हतं, बरीच बाचाबाची झाल्यावर 3000 परत दिले. देताना ती बेरिंगची पिशवी मात्र परत मागत होता. दिली नाही.