लुकलुक न करणारा टीव्ही: ओएलईडी, चांगला एलईडी की आहे तोच?

टीव्हीसमोर अर्धा-पाऊण तास बसले की डोळे चुरचुरू लागतात, कपाळ जड होते, आणि चष्म्याचा नंबर तपासून घेतला तरी कारण हाती लागत नाही, अशी तक्रार असणाऱ्या आणि त्यामुळे नवा टीव्ही घ्यावा का, या विचारात असलेल्या वाचकांसाठी हा आढावा आहे. डोळ्यांवरच्या ताणाची कारणे अनेक असतात. एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. आपल्याकडे टीव्ही भिंतीवर नको तितका उंच लावण्याची पद्धत असल्याने नजर वर ठेवून डोळे अधिक उघडे राहतात. चाळिशीनंतरचा प्रोग्रेसिव्ह चष्माही लांबच्या पडद्याशी कधी कधी जुळत नाही. मात्र ही कारणे बाजूला काढल्यावरही त्रास उरत असेल, आणि विशेषतः तो एका टीव्हीवर होऊन दुसऱ्यावर होत नसेल, तर संशय पडद्याच्या लुकलुकण्यावर घेणे रास्त ठरते.

दुकानात टीव्हीची तुलना आकार, फोरके, पॅनेलचे नाव आणि किंमत यांवर होते. लुकलुकीचा प्रश्न असेल तर यांतले काहीच निर्णायक नसते. निर्णायक असते ती एकच गोष्ट: हा टीव्ही आपला उजेड कमी कसा करतो.

एलसीडी पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो. मागे लावलेल्या एलईडी दिव्यांचा, म्हणजे बॅकलाइटचा, उजेड त्यातून पुढे येतो. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो हाच. हा उजेड कमी करण्याचे मार्ग दोन आहेत. नळाची धार कमी करायची असेल तर तो अर्धा फिरवता येतो, किंवा पूर्ण उघडून लगेच बंद करण्याची क्रिया भराभर करत राहता येते. बादली दोन्ही प्रकारे सारख्याच वेळात भरेल. पहिल्या पद्धतीत दिव्यांना मिळणारा वीजप्रवाहच कमी केला जातो आणि प्रकाश अखंड राहतो. दुसऱ्या पद्धतीत, जिला पीडब्ल्यूएम म्हणतात, दिवे पूर्ण प्रखरतेने लागतात आणि पूर्ण विझतात, आणि लागलेल्या व विझलेल्या काळाच्या प्रमाणावरून सरासरी उजेड ठरतो. उदाहरणार्थ, 240 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 240 वेळा लागणाऱ्या-विझणाऱ्या, पीडब्ल्यूएमवर बॅकलाइट 25 टक्क्यांवर आणला, तर प्रत्येक आवर्तनात दिवे साधारण एक मिलिसेकंद पेटलेले आणि तीन मिलिसेकंद विझलेले असतात. रात्री डोळ्यांना बरे वाटावे म्हणून उजेड कमी करणाऱ्याच्या वाट्याला नेमकी अधिक तीव्र लुकलुक येते ती यामुळे. पूर्ण उजेडावर मात्र दिवे बहुधा अखंड किंवा जवळजवळ अखंड पेटलेले असतात.

इतक्या वेगाची लुकलुक डोळ्याला दिसतच नाही, मग त्रास कसा होईल, हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. स्थिर नजरेला साधारण 60 ते 90 हर्ट्झच्या पुढची लुकलुक जाणवत नाही, हे खरेच आहे. परंतु नजर स्थिर नसते. ती एका जागेवरून दुसरीकडे झेप घेते तेव्हा लुकलुकणाऱ्या प्रकाशाचे ठिपके दृष्टिपटलावर वेगवेगळ्या जागी उमटतात, आणि रॉबर्ट्स व विल्किन्स या संशोधकांच्या 2013 मधील प्रयोगांत अशा झेपेदरम्यान 1000 हर्ट्झहून अधिक वेगाची लुकलुकही ओळखू आल्याचे दिसले. त्याआधी 1989 मध्ये विल्किन्स व सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील कार्यालयात 100 हर्ट्झवर लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटच्या जागी उच्च वारंवारितेच्या चोकचे दिवे लावून पाहिले होते, तेव्हा डोकेदुखी आणि डोळ्यांच्या ताणाच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. ट्यूबलाइट लुकलुकते हे तिथे काम करणाऱ्यांना दिसत नव्हते; त्रास मात्र होत होता.

किती लुकलुक चालेल, याचा अंदाज घेण्यासाठी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे 1789 क्रमांकाचे, 2015 मधील मार्गदर्शन उपयोगी पडते. ते टीव्हीसाठी नसून एलईडी दिव्यांसाठी आहे, पण प्रकाश तो प्रकाशच. त्यानुसार 90 हर्ट्झच्या पुढे, कमी जोखमीसाठी प्रकाशातील चढउताराचे टक्के वारंवारितेच्या 0.08 पटीपेक्षा कमी हवेत. म्हणजे 120 हर्ट्झला चढउतार 9.6 टक्क्यांच्या आत, 240 ला 19.2 टक्क्यांच्या आत आणि 480 ला 38.4 टक्क्यांच्या आत हवा. दिवे पूर्ण लागून पूर्ण विझत असतील तर वारंवारिता 1250 हर्ट्झच्या वर हवी, आणि 3000 हर्ट्झच्या पुढे तर याच मार्गदर्शनातल्या अधिक कडक निकषानेही कसलीच मर्यादा नाही. स्वस्त टीव्हींमधला 120 किंवा 240 हर्ट्झचा पूर्ण लागणारा-विझणारा बॅकलाइट या कसोटीवर पार नापास होतो, आणि 960 हर्ट्झचाही काटेकोरपणे पाहता उत्तीर्ण होत नाही. अर्थात हे मार्गदर्शन सावधगिरीचे आहे. बहुसंख्य लोक 240 हर्ट्झच्या पडद्यासमोर वर्षानुवर्षे बसतात आणि त्यांना काही होत नाही. ज्यांना होते, त्यांच्यासाठी ही रेघ कामाची.

साधा एलईडी आणि चांगला एलईडी

कमी किमतीच्या एलईडी टीव्हींमध्ये दोन्ही प्रकार सापडतात, आणि हेच ग्राहकाला चकवणारे आहे. काही अगदी साधे टीव्ही प्रवाह कमी करून उजेड घटवतात आणि त्यामुळे लुकलुकमुक्त असतात, तर त्यांच्याहून महाग टीव्ही 120 हर्ट्झवर लुकलुकत असतो. पुन्हा एकाच टीव्हीत पिक्चर मोड बदलला की वारंवारिता बदलू शकते. काही टीव्हींवर मूव्ही किंवा गेम मोडमध्ये ती मुद्दाम खाली आणली जाते, कारण बॅकलाइट चित्राच्या गतीशी जुळवून विझवला की हलणारे चित्र कमी पुसट दिसते. जुळणी नीट नसेल तर तोटा उलट दिसतो: सेकंदाला 60 चौकटींच्या (फ्रेमच्या) चित्रावर 120 हर्ट्झचा बॅकलाइट असेल, तर धावणाऱ्या वस्तूची कड दुहेरी दिसते. क्रिकेट पाहताना चेंडूमागे त्याची सावली धावल्यासारखी वाटत असेल, तर कारण हे असू शकते.

महाग एलईडी, म्हणजे अनेक भागांत उजेड स्वतंत्र कमी-जास्त करणारे फुल ॲरे आणि मिनी एलईडी टीव्ही, सामान्यतः अधिक वारंवारिता वापरतात. 480, 720, 960 हर्ट्झ किंवा त्याहून वरचे आकडे मोजले गेले आहेत. उजेडाच्या खोलीत, दिवसभर चालणाऱ्या टीव्हीसाठी आणि मोठ्या आकारासाठी हा पर्याय व्यवहार्य आहे. यात एक वेगळी गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. दृश्य बदलताच भागांचा उजेड वरखाली होतो, आणि संवेदनशील माणसाला तोही लुकलुकीसारखा जाणवू शकतो. लोकल डिमिंग, म्हणजे भागवार उजेड बदलण्याची ही सोय, ‘लो’वर ठेवून पाहिल्यास दोन्हींतला फरक कळतो.

ओएलईडी

ओएलईडीत बॅकलाइटच नाही. प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो, आणि टीव्हीच्या ओएलईडीत उजेड कमी करताना त्याला मिळणारा प्रवाह कमी केला जातो. दर वेळी चित्र ताजे होताना, म्हणजे 120 हर्ट्झच्या पॅनेलवर दर 8.3 मिलिसेकंदांनी, प्रकाशात एक छोटीशी खाच पडते. पण ती वरून खाली ओळीओळीने सरकते, संपूर्ण पडदा एकदम कधीच विझत नाही. त्यामुळे काटेकोर अर्थाने ओएलईडी पूर्ण लुकलुकमुक्त नसला, तरी पीडब्ल्यूएमच्या तुलनेत हा चढउतार किरकोळ आहे.

इथे एक गैरसमज वारंवार आडवा येतो. ओएलईडी पडद्याच्या फोनने डोके दुखते म्हणून ओएलईडी टीव्ही नकोच, असे अनेकजण ठरवून टाकतात. अनेक फोनमधले ओएलईडी पडदे कमी उजेडावर पीडब्ल्यूएम वापरतात, बऱ्याचदा 240 ते 480 हर्ट्झचे. टीव्हीचे पॅनेल त्या रीतीने चालत नाही. फोनच्या अनुभवावरून टीव्हीचा निकाल लावू नये.

ओएलईडीचे दोन त्रास मात्र खरे आहेत. पहिला असा की त्याचे बिंदू जवळजवळ तत्काळ बदलतात, आणि चित्रपटाची सेकंदाला 24 चौकटींतली प्रत्येक चौकट सुमारे 42 मिलिसेकंद जशीच्या तशी उभी राहून मग पुढची येते. कॅमेरा आडवा फिरणाऱ्या दृश्यात त्यामुळे झटके जाणवतात. ही लुकलुक नव्हे, पण डोळ्यांना त्रास होतोच, आणि काही लोक या झटक्यांमुळेच ओएलईडी परत करतात. चौकटींच्या मध्ये नव्या चौकटी भरून हालचाल सलग करणारी सोय, म्हणजे एलजीचे ट्रूमोशन किंवा सोनीचे मोशनफ्लो, सौम्य पातळीवर चालू केल्यास झटके कमी होतात. फार वाढवले तर सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. दुसरा त्रास गेम खेळणाऱ्यांचा: व्हीआरआर, म्हणजे गेमच्या वेगानुसार चित्र ताजे होण्याचा वेग बदलणारी सोय, चालू असताना अंधाऱ्या दृश्यांत उजेड थरथरतो. गेममध्ये व्हीआरआर बंद केल्यावर तो थांबतो.

बाकी मर्यादा लुकलुकीच्या नाहीत, पण निर्णयावर परिणाम करतात. ओएलईडी टीव्ही 42 इंचांपासून सुरू होतात, त्यामुळे 32 इंचांची जागा असलेल्या घराला तो पर्यायच नाही. भर उन्हाच्या दिवाणखान्यात तो फिका वाटतो. आणि ज्या घरात दिवसभर बातम्यांची वाहिनी लागलेली असते, तिथे खालची धावती पट्टी आणि कोपऱ्यातले बोधचिन्ह पडद्यावर कायमचे उमटण्याची जोखीम आहे. आजोबांचा टीव्ही सकाळी सातपासून बातम्यांवरच असेल, तर मी ओएलईडी सुचवणार नाही.

प्रोजेक्टरबद्दल थोडक्यात: एका चिपचे डीएलपी प्रोजेक्टर रंग एकामागून एक दाखवतात आणि काहींना नजर हलवताना इंद्रधनुषी रेघा दिसतात; तीन एलसीडींच्या प्रोजेक्टरमध्ये तिन्ही रंग एकत्र येत असल्याने हा दोष नसतो. खोलीत अंधार करता येत असेल तरच विचार करावा.

आधी आहे तोच टीव्ही

खर्च करण्यापूर्वी हा पर्याय तपासणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. बॅकलाइट पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण ठेवावा, उजेड जास्त वाटला तर कॉन्ट्रास्ट कमी करावा, आणि टीव्हीच्या मागे भिंतीवर पडेल असा मंद दिवा लावावा. बॅकलाइट आपोआप बदलणारी वीजबचत आणि सेन्सरची सोय बंद करावी. सॅमसंगवर एलईडी क्लिअर मोशन, सोनीवर मोशनफ्लोमधील क्लिअरनेस, एलजी ओएलईडीवर मोशन प्रो यांसारख्या नावांनी येणारी, चौकटींमध्ये काळोख घालणारी सोय तर कुठल्याही टीव्हीवर बंदच हवी. ती लुकलुक मुद्दाम निर्माण करते. एवढ्याने त्रास स्पष्टपणे उतरला, तर लुकलुकीचे निदान झाले आणि नव्या टीव्हीत काय शोधायचे तेही कळले. काहीच फरक पडला नाही, तर खोलीतले दिवे तपासावेत. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचे एलईडी बल्ब 100 हर्ट्झवर लुकलुकतात, आणि दोष बल्बचा असताना टीव्ही बदलला जातो.

‘आय केअर’ आणि निळा प्रकाश कमी करण्याच्या दाव्यांना या निर्णयात मी फारसे स्थान देत नाही. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण अल्पावधीत कमी होत असल्याचे वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात आढळले नाही. टीयूव्ही ऱ्हाइनलँड या जर्मन तपासणी संस्थेचे फ्लिकर-फ्री, म्हणजे लुकलुकमुक्त, प्रमाणपत्र असेल तर ते जमेची बाजू समजावी, पण स्वतः पाहण्याला पर्याय नाही. खोक्यावरचा ‘120 हर्ट्झ’ हा चित्र ताजे होण्याचा आकडा आहे, आणि ‘मोशन रेट 240’ हा तर निव्वळ जाहिरातीचा. त्यांवरून बॅकलाइटची वारंवारिता कळत नाही. ती माहितीपत्रकात बहुधा छापलेलीच नसते. कॅनडातील आर्टिंग्ज ही चाचणीसंस्था ती मोजून प्रसिद्ध करते, मात्र तिच्याकडचे टीव्ही उत्तर अमेरिकेच्या बाजारातले असतात, आणि एकाच मालिकेत आकारानुसार पॅनेल बदलत असल्याने भारतातल्या मॉडेलला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

म्हणून दुकानात स्वतः तपासावे. प्रदर्शनातले टीव्ही दुकानाच्या मोडमध्ये, पूर्ण उजेडावर चालतात, आणि त्या उजेडावर लुकलुक लपते. विक्रेत्याला सांगून होम किंवा मूव्ही मोड लावावा आणि बॅकलाइट 20-25 टक्क्यांवर आणावा. पडद्यावर पांढरे चित्र ठेवून समोर पेन्सिल झपाझप हलवावी: सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक, पंख्यासारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर पीडब्ल्यूएम आहे. दुकानातले दिवेही लुकलुकत असू शकतात, म्हणून पेन्सिल पडद्याला पाठीशी धरूनच पाहावी. त्यानंतर फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडमध्ये शटर एक हजारांश सेकंदाहून जलद ठेवून पडदा पाहावा. ठळक काळे पट्टे म्हणजे लुकलुक. पट्टे जितके दाट आणि बारीक, तितकी वारंवारिता जास्त. ओएलईडीवर एखादी बारीक सरकती रेघ दिसेल, ती वर सांगितलेली खाच असते.

इतके करून माझा क्रम असा लागतो: खोलीत थेट ऊन नसेल, पाहणे मुख्यतः संध्याकाळचे आणि विविध प्रकारचे असेल आणि खर्च परवडत असेल, तर ओएलईडी. दिवसभर बातम्या किंवा भरपूर उजेड असेल, तर कमी बॅकलाइटवर पट्टे न दाखवणारा एलईडी, मग तो स्वस्त असला तरी हरकत नाही. असा एलईडी मिळाला नाही, तर जास्त वारंवारितेचा मिनी एलईडी, तोही बॅकलाइट फार खाली न नेता. पैसे भरण्याआधी परतीची अट लेखी विचारून घ्यावी, कारण बरेच विक्रेते टीव्ही बिघडला असेल तरच बदलून देतात आणि डोळ्यांना त्रास होतो हे कारण त्यात बसत नाही.