दालींच्या सहीचं चित्र, एअर इंडियातले काका आणि पावणेदोन लाख

ठाण्यात सध्या एक गृहस्थ स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालींच्या सहीचे, 'मर्यादित आवृत्ती'तले लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली छापचित्रं, विकतोय. नौपाडा, पाचपाखाडी, घोडबंदर रोड या भागातल्या चित्रकलेची आवड असणाऱ्यांनी, त्यातही निवृत्त कलाशिक्षकांनी, हे जरूर वाचावं. माझ्या बाबांचे १ लाख ७५ हजार रुपये त्यात गेले आहेत.

बाबांनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. त्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलेली मुलं आजही गोखले रोडवर त्यांना वाकून नमस्कार करतात. छापचित्र म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही. दगडावर मेणकट खडूने चित्र काढायचं, त्यावरून ठरावीक प्रती छापायच्या, मग प्रत्येक प्रतीवर खाली डावीकडे क्रमांक आणि उजवीकडे सही, दोन्ही पेन्सिलीने. म्हणूनच सांगते, ही फसवणूक अजाण माणसासाठी रचलेलीच नाही. ज्याला या विषयातलं कळतं, प्रेम आहे, त्याच्यासाठी ती रचलेली आहे. बाबांनी वर्ष विचारलं, आवृत्ती किती प्रतींची ते विचारलं, कागद कुठला ते विचारलं. त्या माणसाकडे प्रत्येक उत्तर तयार होतं.

ओळख एका चित्रप्रदर्शनात झाली. बोलायला मृदू, दर वाक्याला 'सर' म्हणणारा माणूस. घरी येऊन चहा घेता घेता त्याने गोष्ट सांगितली. त्याचे दिवंगत काका एअर इंडियात होते. १९६७ साली एअर इंडियाने दालींकडून चिनी मातीचा एक अ‍ॅशट्रे करून घेतला, त्यावर हत्ती आणि हंस होते. मोबदल्यात दालींनी हत्तीचं पिल्लू मागितलं आणि ते खरोखरच बंगळूरहून विमानाने जिनिव्हाला आणि तिथून पुढे स्पेनला पोचवलं गेलं. त्या ओळखीतून १९७३ साली काकांना हे चित्र भेट मिळालं, क्रमांक १७/१५०, म्हणजे दीडशे प्रतींतली सतरावी.

यातली अ‍ॅशट्रेची आणि हत्तीची गोष्ट शंभर टक्के खरी आहे. बाबांना ती आधीपासून माहीत होती, त्यामुळे पुढचं काकांचं प्रकरणही खरं वाटलं. खऱ्या गोष्टीच्या पाठीवर खोटं बसवायची ही पद्धत नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या माणसाला कदाचित तो वेगळी खरी गोष्ट सांगेल.

एका गोष्टीला मात्र त्याने ठाम नकार दिला. फ्रेम उघडायची नाही. 'सर, फ्रेम मूळ फ्रान्समधली आहे, मागचं सील तुटलं की किंमत निम्मी होते.' सोबत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र होतं. ते कुणी दिलं, तर त्यानेच. विकणाऱ्याने स्वतः दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे त्याचाच शब्द जाड कागदावर छापलेला, त्याहून अधिक काही नाही.

पावसाळ्यात काचेच्या आत ओल धरली, म्हणून आम्ही चित्र नौपाड्यातल्या ओळखीच्या फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याने ब्लेडने मागची तपकिरी टेप कापली, पक्कडीने खिळे उपटले. फ्रान्सच्या फ्रेमचा हार्डबोर्ड इथलाच निघाला. पुढे लावलेला माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, इतका आत आला होता की कागदाच्या चारही कडा त्याखाली दडल्या होत्या. कागद सोडवून ट्यूबलाइटसमोर धरला, तेव्हा खालच्या कडेला जलचिन्ह (वॉटरमार्क) दिसलं: 'आर्श फ्रान्स' आणि शेजारी आडवा आठ, गणितातलं अनंताचं चिन्ह. आर्श आणि रीव्ह या फ्रेंच कागदांवर हे चिन्ह १९८० पासून येऊ लागलं. १९७३ चं चित्र त्यानंतर तयार झालेल्या कागदावर कसं छापलं जाईल?

मग फ्रेमवाल्याने भिंग लावलं. 'सर, हे ऑफसेट आहे. लग्नपत्रिकेसारखं.' बाबांनी भिंग हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि माझ्याकडे दिलं. 'बघ, सावलीतला करडासुद्धा ठिपक्यांचा आहे.' निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके, एकमेकांभोवती फुलासारखे मांडलेले. दगडावरच्या छापात असे शिस्तीत मांडलेले ठिपके नसतात, वेडावाकडा कण दिसतो. सही तेवढी खऱ्या पेन्सिलीची होती. कागद तिरपा धरला की शिसं चमकायचं.

सहीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण सगळे तिलाच भुलतात. दालींनी कोऱ्या कागदांवर हजारोंनी सह्या केल्या होत्या. १९७४ साली फ्रेंच कस्टम्सने अँडोराच्या सरहद्दीवर एक ट्रक अडवला, त्यात त्यांच्या सहीचे सुमारे ४०,००० कोरे कागद होते. त्यावर पुढे कुणीही काहीही छापावं! म्हणजे सही खरी निघाली तरी चित्र दालींचं ठरत नाही, आणि खोट्या सह्या करणारे वेगळेच. १९३१ साली वितळणारी घड्याळं रंगवणाऱ्या चित्रकाराने आपल्या नावाचा असा बाजार मांडावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याची किंमत आजही रसिकच मोजतायत. आपल्याकडे १८९४ साली सुरू झालेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. त्या स्वस्त होत्या आणि छापील म्हणूनच विकल्या गेल्या, त्यात कुणाचा घात झाला नाही.

दालींचं छापचित्र घ्यायचंच असेल तर आधी त्यांच्या छापचित्रांच्या सूचीतला क्रमांक मागा. अल्बर्ट फील्ड यांनी १९९६ साली अशी सूची प्रसिद्ध केली आहे. कागदाचा प्रकार, छापाचं माप आणि एकूण प्रती तिच्याशी ताडून बघा. १७/१५० म्हणजे जगात दीडशेच प्रती, असंही धरू नका. रोमन आकड्यांची वेगळी आवृत्ती, चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती असं बरंच काही त्याबाहेर असतं. आडवा आठ नसला म्हणजे चित्र खरं, असंही नाही, कारण जुना कागद बनावट करणाऱ्यांकडेही असतो. आणि पैसे देण्याआधी फ्रेम उघडून मिळत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.

आम्ही त्या विकणाऱ्याला फोन केला तेव्हा फ्रेम उघडू न देण्याचं खरं कारण कळलं. तो म्हणाला, 'तुम्ही उघडलीत ना? आता आतलं चित्र बदललं नाही कशावरून?' सुदैवाने फ्रेमवाल्याच्या मुलाने उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. पावतीवर दालींचं नाव कुठेच नाही, नुसतं 'डेकोरेटिव्ह प्रिंट, जसे आहे तसे' लिहिलं आहे. सव्वा लाख बँकेतून गेले, त्याची नोंद आहे. पन्नास हजार रोख दिले, त्याची काहीच नाही.

भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीबद्दलच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार अर्ज दिला आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येऊ शकते. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तिथे मात्र समोरचा माणूस विक्रीचा धंदा करतो हे दाखवावं लागतं. आमचा गृहस्थ म्हणतोय की त्याने आयुष्यात काकांचं हे एकच चित्र विकलं. त्यामुळे ठाणे, डोंबिवली, नवी मुंबईत कुणी एअर इंडियातल्या काकांचं दालीचित्र घेतलं असेल, तर फ्रेम एकट्याने उघडू नका. दोन साक्षीदार आणि चालू कॅमेरा ठेवून उघडा आणि आपापल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. दुसरी तक्रार आली की त्याचं 'एकच चित्र' टिकणार नाही.