इतोकूचा अदिरे बाजार: खळीची निळाई मागून घ्यावी लागते

अबेओकुटा ही नायजेरियातल्या ओगुन राज्याची राजधानी. तिथल्या ओलुमो खडकापासून जवळच इतोकूचा बाजार भरतो. एका बाजूला झाडपाल्याची औषधं विकणाऱ्या बायका बसतात, दुसरीकडे दुकानाला दुकान लागून अदिरेचे ढीग. अदिरे म्हणजे नक्षीची जागा झाकून किंवा बांधून बाकीचं रंगवलेलं इथल्या योरुबा लोकांचं कापड. लागोसमध्ये राहणारी मराठी कुटुंबं इथे सहज जाऊ शकतात. ज्यांच्या मुलांच्या हाती योरुबा मुलींच्या जुन्या काळातल्या कादंबऱ्या आल्या आहेत, त्यांनी तर जावंच. मात्र निळीचे माठ, कोंबडीच्या पिसानं काढलेली नक्षी, आईकडून लेकीकडे आलेली हातोटी हे सगळं डोळ्यांपुढे ठेवून गेलात, तर पहिल्या दहा दुकानांत ते दिसणार नाही. दिसेल ते जांभळं, नारिंगी, पोपटी, झगझगीत कापड. त्यालाही अदिरेच म्हणतात आणि त्यातलं काही फार सुंदर असतं, पण पुस्तकातल्या मुलीच्या अंगावरचं कापड ते नव्हे. तिच्या अंगावरचं, खळीनं नक्षी काढून निळीत रंगवलेलं कापड हवं असेल तर ‘एलेको’ असं नाव घेऊन मागावं लागतं.

बाजारातला बहुतेक माल ‘कांपाला’ प्रकारचा आहे. फोमच्या तुकड्यावर नक्षी कोरतात, तो वितळलेल्या मेणात बुडवून कापडावर दाबतात, मग कॉस्टिक सोडा आणि हायड्रोस ही रंग विरघळवणारी रसायनं घातलेल्या रासायनिक रंगात कापड बुडवतात आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढतात. काम झपाट्यानं होतं, रंग हवे तितके मिळतात, किंमतही आवाक्यात राहते. शर्ट, कुर्ता, पडदे यांसाठी हे कापड उत्तम. घेताना दोन गोष्टी बघा. मेण पूर्ण निघालं नसेल तर कापड बोटांना चिकट आणि ताठ लागतं. घरी वर्तमानपत्राच्या दोन कागदांमध्ये ठेवून गरम इस्त्री फिरवली की उरलेलं मेण कागदात उतरतं. दुसरी गोष्ट सोड्याची. कापड नीट धुतलं नसेल तर ओल्या हाताला बुळबुळीत लागतं. असं कापड पाण्यात थोडं व्हिनेगर घालून खळबळून घ्यावं आणि मगच मुलांना घालायला द्यावं.

एलेकोची तऱ्हा वेगळी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कसाव्याच्या पिठाला तिथे लाफून म्हणतात. ते पाण्यात शिजवून खळ करतात, तीत तुरटी आणि मोरचूद घालतात आणि गाळून घेतात. खळ पातळ राहिली तर रेघ फुटून पसरते. फार घट्ट झाली तर वाळल्यावर तडकते आणि रंगात बुडवताना सुटून पडते. म्हणून खळ नेमकी शिजवणं हेच शिकाऊ मुलीचं पहिलं मोठं शिक्षण. नक्षी दोन रीतींनी काढतात. जवळच्या इबादान शहराकडच्या बायका कोंबडीच्या पिसानं किंवा ताडाच्या पानाच्या शिरेनं हातानं काढत. अबेओकुटात जस्ताच्या पत्र्यातून कापलेल्या साच्यावरून खळ ओढायची पद्धत रुळली, आणि ते साचे पुरुष कापत. हाताच्या कामात रेघांची जाडी कमीजास्त होते, चौकोन थोडे तिरके पडतात. साच्याच्या कामात रेघा धारदार असतात, पण जिथे साचा उचलून पुढे ठेवला तिथे नक्षीत बारीक फट किंवा दुहेरी रेघ सापडते. दोन्ही अस्सलच. हाताचं महाग असतं आणि ते योग्य आहे, कारण एका कापडाची नक्षी काढण्यात कित्येक दिवस जातात.

आता रंग. एलु नावाच्या वेलीची कोवळी पानं कुटून त्यांचे गोळे वळतात आणि वाळवतात. बाजारात विकायला येतात ते हे गोळे. बुडाला भोकं पाडलेल्या मडक्यात राख भरून वरून पाणी सोडतात, खालच्या मडक्यात क्षारपाणी ठिबकतं. त्यात पानांचे गोळे टाकून माठ बरेच दिवस आंबत ठेवतात. माठ ‘लागला’ की नाही हे वासावरून, फेसावरून आणि चवीवरून ओळखण्याची जाण रंगारणीकडे असते. तिला योरुबात अलारो म्हणतात. कापड माठातून बाहेर येतं तेव्हा हिरवट-पिवळं दिसतं आणि हवा लागली की निळं होत जातं. गडद निळाईसाठी ते पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं. खरी कसोटी इथे आहे: क्षाराच्या पाण्यात खळ मऊ पडते, म्हणून दोन बुडवण्यांमध्ये कापड वाळवून खळ परत कडक करून घ्यावी लागते. घाई केली की नक्षी वाहून जाते. नीट केलं तरी खळीतून थोडी नीळ आत शिरतेच, त्यामुळे एलेकोची नक्षी पांढरीशुभ्र नसते, फिकट निळी असते. शेवटी वाळलेली खळ खरवडून काढतात आणि जुन्या पद्धतीत कापड लाकडी मोगरीनं कुटून त्याला चकाकी आणतात.

दुकानात उभं राहून ओळखायचं असेल तर आधी कापड उलटं करा. खळ एकाच बाजूला लावलेली असल्यानं एलेकोच्या पाठीवर नक्षी पुसट होते किंवा जवळजवळ दिसतच नाही, निळाई मात्र तिथेही भरलेली असते. मेण आरपार जातं, म्हणून कांपालाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात. तिसरा प्रकार टाळायचा: परदेशी गिरणीत अदिरेची नक्षी छापलेलं कापड. त्याची पाठ फिकट, पांढुरकी असते आणि नक्षी ठरावीक अंतरावर तंतोतंत परत येते. मेणाला गेलेले तडेसुद्धा त्यात छापलेले असतात. एक तडा नजरेत धरून पुढे सरकत गेलात की तोच तडा पुन्हा भेटतो. हे कापड स्वस्त असतं आणि हातानं काम करणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय आणतं. ‘अदिरे’ म्हणून ते विकणं ही फसवणूक आहे. घेऊ नका.

बांधणीचं ओनिको आणि शिवणीचं अलाबेरे हे आणखी दोन जुने प्रकार. ओनिकोत बिया किंवा खडे कापडात गुंडाळून राफियाच्या, म्हणजे ताडाच्या पानाच्या, धाग्यानं आवळतात. वर्तुळांच्या कडा धूसर होतात आणि कापडाला सुरकुत्या राहतात. अलाबेरेत सुईची बारीक भोकं रेघेच्या कडेनं दिसतात. मुलांना स्वतः करून बघायचं असेल तर ओनिकोपासून सुरुवात करावी: सुती रुमाल, चण्याएवढे खडे, पक्का धागा. गाठ सैल राहिली की वर्तुळाऐवजी डाग उठतो, एवढीच काळजी घ्यायची.

कादंबरी वाचणाऱ्यांसाठी हा बाजार आणखी एका कारणानं मोलाचा आहे: कापड हातात घेतलं की गोष्टीतला काळ तपासता येतो. अबेओकुटा शहर १८३० साली वसलं. त्या शतकाच्या मध्यावरची मुलगी मेणाचे ठसे मारताना दाखवली असेल तर लेखकानं अभ्यास केलेला नाही, कारण कांपाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. खळीचं एलेकोही विसाव्या शतकाच्या आरंभीचं, गिरणीचं गुळगुळीत सुती कापड मुबलक झाल्यावर बहरलेलं; घरच्या जाड सुतावर पिसाची बारीक रेघ उठत नाही. त्याआधीच्या मुलीच्या हाती बायकांनी उभ्या मागावर विणलेलं किजिपा हे जाड सुती कापड आणि त्यावर राफियाच्या गाठी असायला हव्यात. १९३५ नंतरच्या गोष्टीत राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या चेहऱ्यांची, त्यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाची ‘ज्युबिली’ नक्षी आली तर ती अगदी बरोबर. इबादानची थोरवी सांगणाऱ्या ‘इबादानदुन’ नक्षीत मापो हॉलचे खांब असतात; ती इमारत १९२९ ची, तेव्हा ही नक्षी त्याआधीच्या मुलीच्या अंगावर शोभणार नाही. ‘सुन्बेबे’ नक्षीत मुलींच्या कमरेच्या मण्यांच्या माळा येतात, ‘ओलोकुन’ ही समुद्राच्या देवतेच्या नावाची. माठ नीट लागावा म्हणून रंगारणी इया मापोला आळवत. बायकांच्या कारागिरीची ती देवता.

चांगला लेखक १९३० च्या दशकाला हात घालतो. तेव्हा कॉस्टिक सोडा आणि कृत्रिम नीळ आल्यानं काम सोपं झालं होतं, पण कापड लवकर विरतं अशा तक्रारी वाढल्या. अबेओकुटाचे अलाके, म्हणजे राजे, दुसरे अदेमोला यांनी या दोन्हींवर बंदी घातली. रंगारणी त्याविरुद्ध उभ्या राहिल्या, चौकशी बसली आणि बंदी उठली. पुढे १९४७ मध्ये शिक्षिका आणि स्त्री-हक्कांच्या कार्यकर्त्या फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांच्या नेतृत्वाखाली शहरातल्या बायका करांविरुद्ध रस्त्यावर आल्या, आणि जानेवारी १९४९ मध्ये अलाकेंना गादी सोडावी लागली. मुलींना मुलग्यांपेक्षा लहान वयात कर लागू होत असे. पंधरा वर्षांच्या नायिकेसाठी याहून सशक्त प्रसंग कुठला? कुमारवयीन वाचकांना हा भाग न गाळता द्यायला हवा.

जाण्यासाठी लागोस-इबादान रेल्वे सोयीची. लागोसच्या मोबोलाजी जॉन्सन स्थानकातून बसायचं, अबेओकुटाला वोले सोयिंका स्थानकावर उतरायचं. हे स्थानक शहराच्या बाहेर लाडेरिनला आहे, तिथून टॅक्सी करावी लागते. दुकानात शिरताना सकाळी ‘ए कारो, मा’, दुपारी ‘ए कासान, मा’ म्हणा आणि मगच भावाचं बोला. वडीलधाऱ्या विक्रेतीला नमस्कार न करता घासाघीस सुरू करणं तिथे उद्धटपणाचं मानतात. कापड यार्डात विकतात. मागितल्याशिवाय एलेको बहुधा पुढे येत नाही, आणि चांगला तुकडा त्या दिवशी नसेलही. तिथे न मिळाल्यास ओशोग्बो शहरात अदिरे कलाकार निके डेव्हिस-ओकुंडाये यांचं कला केंद्र आहे. जुनी निळाई आणि हातानं काढायची खळ जिवंत ठेवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

जुन्या पद्धतीचं एलेको म्हणजे अंदाजे अडीच यार्डांचे दोन तुकडे काठाला काठ लावून शिवलेलं नेसूचं वस्त्र. मधली शिवण दिसली तर तो दोष समजू नका. नवी नीळ हाताला आणि पांढऱ्या कपड्यांना लागते, तेव्हा पहिल्या काही धुण्यांत ते वेगळं ठेवा. गार पाणी आणि सौम्य साबण वापरा, ब्लीच अजिबात नको. सावलीत उलटं वाळवा. नैसर्गिक माठाच्या कापडाला आंबूस, मातकट वास असतो. तो हवेनं हळूहळू उतरतो. घालवण्यासाठी अत्तर किंवा सुवासिक कंडिशनर ओतू नका. वर्गात मुलांना दाखवायचं असेल तर पूर्ण वस्त्र घेण्याची गरज नाही. एलेको, ओनिको आणि कांपाला यांचा एकेक लहान तुकडा मागा, तिन्ही उलटे-सुलटे करून मुलांच्या हातात द्या आणि कोणतं कापड त्यांच्या गोष्टीतल्या मुलीचं, हे त्यांनाच ओळखू द्या.