जुना डी७२०० की नवा १५००डी?

भाचा पेचात पडलाय: निकॉनचा वापरलेला डी७२०० कॅमेरा घ्यावा, की कॅननचा कोरा १५००डी? दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, त्यामुळे तो आकडा विसरा.

फोकस: डी७२००चे ५१ पॉइंट, १५००डीचे ९. उडता बगळा टिपायचा तर हा फरक लगेच जाणवतो. शिवाय डी७२००च्या बॉडीतच फोकस मोटर आहे, म्हणजे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सही ऑटोफोकस करतात.

टिकाऊपणा: डी७२०० आला २०१५ मध्ये, शटरची चाचणी दीड लाख क्लिकपर्यंतची. म्हणून आधी शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले, ते विचारा. मग एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. ती पुसता येते. लेन्सवर मात्र मोबाइलचा टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी. आपल्या पावसाळ्याची कृपा! माझी एक लेन्स अशीच गेली. विकणाऱ्याने ‘कपाटातच होती’ म्हटलं की मला धडकीच भरते.

वजन: ७६५ ग्रॅम विरुद्ध ४७५.

वॉरंटी फक्त नव्याला.

घरचे समारंभ, सहली, शिकणं एवढंच असेल तर १५००डी. पक्षी, खेळ, लग्नाची कामं डोक्यात असतील आणि तपासायला जाणता माणूस सोबत असेल, तर डी७२००.