कपॅसिटर की जाड वायर?
वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून गाडी काढली की बेसच्या प्रत्येक ठोक्याला स्पीकरचा अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा डबा) प्रोटेक्टमध्ये, म्हणजे स्वतःला जपायला बंद! दुकानदार म्हणाला, ‘काका, १ फॅरडचा कपॅसिटर टाका, वीज साठवून ठोक्याला पुरवतो.’ भाचा म्हणाला, ‘मामा, आधी अर्थिंग बघू, अ‍ॅम्पची वायर गाडीच्या पत्र्याला नीट जोडलीय का ते.’

कपॅसिटर दिसतो झकास, निळे आकडेही चमकतात. पण व्होल्टेज १ व्होल्टने पडेपर्यंत तो देणार जेमतेम १ अँपिअर, तेही सेकंदभर. आमच्या अ‍ॅम्पला लागतात चाळीसेक.

मीटर लावला. इंजिन चालू, आवाज मोठा: बॅटरीवर १३.९ व्होल्ट, अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर ११.३. म्हणजे गाडीत वीज बनवणारा अल्टरनेटर ठणठणीत, पाणी मुरतंय मधल्या वाटेत. अर्थचा बोल्ट चक्क रंगावरच आवळलेला! पत्रा घासून उघडा केला, शुद्ध तांब्याची जाड वायर ओढली (तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नव्हे), बॅटरीलगत फ्यूज. आता अ‍ॅम्पवर १३.६. कपॅसिटरचे पैसे सेव उसळीत गेले.