सायलेन्सरची पेस्ट: खानापूरच्या एका पावसाळ्यानंतर

माझी गाडी 2009 ची पेट्रोल हॅचबॅक. रोज खानापूर ते बेळगाव, उद्यमबागेत नोकरी. गेल्या मे महिन्यात स्टार्ट केल्यावर खालून फट्‌फट् आवाज यायला लागला. वाकून बघितलं तर सायलेन्सरच्या पुढच्या पाइपच्या जोडावर काजळीचा काळा डाग, म्हणजे तिथून धूर गळत होता. जोड बरोबर ड्रायव्हरच्या पायाखाली. पावसात काचा बंद असतात आणि मुलगी मागच्या सीटवर झोपते. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, त्यामुळे हे काम पुढं ढकलायचं नव्हतं.

दुकानात गेलो आणि गळती बुजवायला हाय टेंपरेचर लिहिलेली लाल सिलिकॉनची ट्यूब घेतली. तीन आठवड्यांत ती जळून पापुद्रे सुटले. मेस्त्रीमामांनी जोड बघितला आणि म्हणाले, “हे मागं चालतंय की, इथं कसं टिकंल?” मुद्दा तोच आहे. लाल सिलिकॉन साधारण 300 अंशांपर्यंत तग धरतं. मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथं, तापमान सहज 600 च्या वर जातं, आणि पाइप मागं जाईल तसं ते उतरत जातं. म्हणजे ट्यूब निवडण्याआधी गळती कुठं आहे ते बघायचं. आणखी एक, धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत ट्यूबवर ‘सेन्सर सेफ’ लिहिलंय का ते वाचा. साध्या सिलिकॉनच्या वाफेनं सेन्सर खराब होतो.

मग आणली डब्यातली राखाडी पेस्ट, 1000 अंशांची. डब्यावर सोडियम सिलिकेट वाचलं आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. आमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कोअरच्या (साच्यात बसवायच्या गाभ्याच्या) वाळूत हेच मिसळतात. वरून कार्बन डायऑक्साइड सोडला की वाळू दगडासारखी होते. पण त्या ओळखीनंच माझी चूक झाली. मला वाटलं, पेस्टही हवेवर आपोआप आळेल. लावली आणि गाडी उघड्यावर ठेवली. रात्री मृगाची सर आली, सकाळी अर्धी पेस्ट धुऊन गेलेली. ही पेस्ट पक्की होते ती उष्णतेनं, आतलं पाणी निघून गेल्यावर. तोवर तिला पाणी लागता कामा नये.

दुसऱ्यांदा सगळं नीट केलं. गाडी शेडमध्ये घेतली, जोड सोडवला, तारेच्या ब्रशनं गंज पार चकाकी येईपर्यंत खरवडला, थिनरनं पुसला. पेस्ट जोडाच्या आत लावून मग क्लॅम्प आवळला. नुसती वरून थापली तर वायूच्या दाबानं सुटते. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी शेडचं दार सताड उघडून इंजिन दहा मिनिटं आयडलवर चालवलं, रेस अजिबात केली नाही. एकदम तापवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन पेस्ट फुगते, फोड येतात. हे सांभाळलं तर डब्याची किंमत वसूल.

त्यानंतर आठ महिने झाले. अख्खा पावसाळा, जांबोटी-कणकुंबीची पाण्यानं भरलेली वाट, चोर्ला घाटातून दोनदा गोवा. जोड गच्च आहे. सायलेन्सरच्या शेवटच्या डब्याजवळ तांब्याच्या रंगाचं सिलिकॉन लावलं होतं, तेही मऊ आणि शाबूत आहे. तिथं पाइप हलतो, म्हणून मुद्दाम सिलिकॉन घेतलं. राखाडी पेस्ट कडक आणि ठिसूळ असते, हलत्या जोडावर तिला तडा जातो.

परवा जॅक लावला तेव्हा मधल्या पाइपच्या पोटाला गंजाची खपली दिसली. स्क्रू ड्रायव्हरनं दाबल्यावर पत्रा आत गेला. तिथं पेस्टचा उपयोग नाही, धरायला चांगला पत्राच उरलेला नाही. शनिवारी मामांकडं तेवढा तुकडा कापून नवीन पाइप वेल्डिंग करून घेणार आहे.